हिमाची रुजुवात

अमेरिकेच्या पश्चिम भागातील नद्यांचा जमाखर्च पावसाळ्यावर नव्हे, हिवाळ्यावर चालतो. पॅसिफिक महासागरावरून येणारे आर्द्र वारे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत सिएरा नेवाडा, कॅस्केड आणि रॉकी या पर्वतरांगांना येऊन भिडतात, चढणीला लागून थंडावतात आणि जवळच्या बाष्पाचा काही हिस्सा हिमरूपाने शिखरांवर ठेवून पुढे जातात; वसंतात ते हिम वितळू लागले म्हणजे कोलोरॅडो, स्नेक, सॅन वाकीन या नद्या भरतात, आणि उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत शेते, शहरे व वीजगृहे या सर्वांची भिस्त त्याच पाण्यावर असते. अशा मुलखात हिम मोजण्याचे शास्त्र निर्माण व्हावे हे स्वाभाविक होते. त्याचा पाया घातला तो मात्र एका भाषेच्या अध्यापकाने. रीनो येथील नेवाडा विद्यापीठात लॅटिन आदी अभिजात विषय शिकवणारे जेम्स चर्च विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माउंट रोझच्या उतारांवर हिंडत असत. एक लांब पोकळ नळी हिमात खुपसून, तिच्यात आलेल्या हिमाचे वजन करून, त्यात पाणी किती आहे हे ते काढीत, आणि त्यावरून टाहो सरोवराची पातळी वसंतात किती चढेल याचे अनुमान वर्तवीत.

हिम मोजता येते, मग ते वाढवताही येईल काय, हा प्रश्न त्यानंतर उद्भवणारच होता. पण मेघांवर हुकमत सांगणारी जी माणसे तोवर पुढे आली होती ती शास्त्रज्ञ नसून ठेकेदार होती. १९१५ च्या डिसेंबरात सॅन डिएगो शहराच्या कारभाऱ्यांनी चार्ल्स हॅटफील्ड या गृहस्थाला मोरेना जलाशय भरून देण्याबद्दल १०,००० डॉलर देऊ केले होते. त्याने उंच मनोऱ्यांवर आपली रसायने ठेवून त्यांची वाफ आकाशात सोडली. १९१६ च्या जानेवारीत प्रलयासारखा पाऊस झाला, लोअर ओटाय धरण फुटले, माणसे वाहून गेली, आणि शहराने पैसे देण्याचे नाकारले. हॅटफील्डच्या वाफेने पाऊस पडला असे म्हणायला आधार नव्हता, आणि पडला नाही हे सप्रमाण सांगण्याइतके मेघांचे ज्ञानही त्या वेळी कोणापाशी नव्हते.

ते ज्ञान पुढे युरोपात घडले. शून्य अंशाखाली गेलेले पाणी गोठतेच, ही आपली नित्याच्या अनुभवावरची समजूत मेघांच्या बाबतीत खरी ठरत नाही. मेघातले जलबिंदू अतिसूक्ष्म आणि बहुतांशी निर्मळ असतात. बर्फाचा पहिला कण ज्याच्या आधाराने जमावा असे परके द्रव्य त्यांच्यापाशी नसेल, तर उणे १०, उणे १५ अंशांच्या थंडीतही ते द्रवरूपच राहतात. अशा अतिशीत बिंदूंच्या दाटीत एखादा हिमस्फटिक अवतरला की मात्र सारा व्यवहार पालटतो. बर्फाच्या पृष्ठभागावरील बाष्पदाब पाण्याच्या पृष्ठभागावरील दाबाहून कमी असल्यामुळे भोवतालचे बिंदू विरत जातात, त्यांचे बाष्प स्फटिकावर जमते, स्फटिक पुष्ट होतो आणि अखेर स्वतःच्या भाराने खाली उतरू लागतो. खंड सरकतात असे प्रथम साधार सांगणारे जे आल्फ्रेड वेगेनर, त्यांनीच १९११ मध्ये या विचाराचे सूचन केले होते. स्वीडनचे टॉर बर्गेरॉन यांनी १९३३ मध्ये आणि जर्मनीचे वाल्टर फिंडायझेन यांनी १९३८ मध्ये त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. या सिद्धान्तातच एक मोहक शक्यता दडलेली होती: पुष्कळ मेघांत पाण्याचा तोटा नसून स्फटिकांचा तोटा असेल, तर माणसाने बाहेरून फक्त स्फटिक पुरवावे, पुढचे काम मेघ आपणच करील.

ही शक्यता प्रत्यक्षात आणणारा मनुष्य विद्यापीठात घडलेला नव्हता. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावी जनरल इलेक्ट्रिक कंपनीची संशोधनशाळा होती, आणि १९३२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे आयर्व्हिंग लँगम्यूर तेथील सर्वांत मान्यवर शास्त्रज्ञ होते. त्यांचे सहायक व्हिन्सेंट शेफर यांनी घरच्या ओढगस्तीमुळे पोरवयातच शाळा सोडली होती आणि कंपनीच्या यंत्रशाळेत उमेदवारी करून ते कारागीर झाले होते. डोंगर आणि हिम ही त्यांची जन्माची आवड. १९४० मध्ये त्यांनी हिमकणाचा हुबेहूब ठसा प्लास्टिकच्या पातळ द्रावणात कायम उमटवून ठेवण्याची युक्ती शोधून काढली. क्षणात विरघळणारी ती नक्षी त्यामुळे प्रथमच निवांतपणे सूक्ष्मदर्शकाखाली धरता येऊ लागली. महायुद्धाच्या काळात विमानांच्या पंखांवर बर्फ का साचतो याचा तपास करण्याची कामगिरी या गुरुशिष्यांकडे आली, आणि त्यासाठी न्यू हॅम्पशायरमधील माउंट वॉशिंग्टनच्या वादळी शिखरावर त्यांनी निरीक्षणे केली. शिखरावरून वाहणारे मेघ अतिशीत बिंदूंनी भरलेले असत. ज्या वस्तूला ते शिवत तिच्यावर बर्फाची पुटे चढत. आणि तरीही त्या मेघांतून हिम पडतच असे असे नव्हे. हे कोडे घेऊन शेफर स्केनेक्टडीला परतले.

त्यांनी कंपनीच्याच बनावटीची एक घरगुती शीतपेटी घेतली, तिला आतून काळे मखमल लावले, प्रकाशाचा एक झोत आत सोडला आणि पेटीवर वाकून नुसता श्वास टाकला. श्वासातील बाष्पाचा आत छोटासा मेघ होई. उष्णतामान शून्याच्या पुष्कळ खाली असूनही त्याचे बिंदू गोठत नसत. शेफर यांनी नाना खनिजांच्या भुकट्या त्यात टाकून पाहिल्या, पण स्फटिक काही दिसेनात. १९४६ च्या जुलै महिन्यात, हवा तापलेली असताना, पेटी पुरेशी थंड होत नाही असे पाहून त्यांनी ती लवकर निववण्यासाठी घनरूप कार्बन डायॉक्साइडचा, म्हणजे ज्याला बाजारात कोरडा बर्फ म्हणतात त्याचा, एक मोठा खडा आत ठेवला. आणि त्या क्षणी प्रकाशाचा झोत असंख्य लुकलुकणाऱ्या स्फटिकांनी भरून गेला. खडा काढून घेतला तरी स्फटिक होतच राहिले. या घटनेला दैवयोग म्हणण्याची चाल आहे. परंतु त्या खड्याची करामत त्याच्या द्रव्यात नसून केवळ त्याच्या थंडीत आहे हे ओळखणे, आणि द्रवरूप हवेत बुडवून काढलेली साधी सुई पेटीतून फिरवली तरी तेच घडते हे करून पाहणे, हा दैवाचा भाग नव्हता. उणे ४० अंशांच्या आसपास पाणी कोणत्याही आधारावाचून आपोआप गोठते, ही मर्यादा शेफर यांच्या हाती लागली ती या चिकाटीमुळे.

पेटीत घडलेले आकाशात घडते का, याची परीक्षा १३ नोव्हेंबर १९४६ रोजी झाली. कर्टिस टॅलबट या वैमानिकाबरोबर शेफर एका लहान विमानातून पूर्वेकडे निघाले आणि मॅसॅच्युसेट्समधील ग्रेलॉक पर्वताच्या परिसरात सुमारे १४,००० फूट उंचीवर त्यांना हवा तसा मेघ सापडला. कोरड्या बर्फाचा चुरा, अवघा काही शेर, त्यांनी त्या मेघात सोडला. पाहता पाहता मेघाचा तो पट्टा विस्कटला आणि त्याच्या तळातून हिमाच्या धारा लोंबू लागल्या. जमिनीपर्यंत ते हिम पोहोचले नाही, सुमारे २,००० फूट उतरून ते कोरड्या हवेत विरले. पण मेघाने माणसाची आज्ञा मानली होती, आणि स्केनेक्टडीच्या विमानतळावरील मनोऱ्यातून दूरवर नजर लावून बसलेल्या लँगम्यूर यांनीही ते पाहिले होते.

लगेच दुसऱ्या दिवशी त्याच संशोधनशाळेत दुसरा शोध लागला, आणि पर्वतांच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा ठरला. बर्नार्ड व्हॉनेगट यांचा तर्क असा की, ज्या पदार्थाची स्फटिकरचना बर्फाच्या रचनेशी जवळजवळ जुळते, त्याच्या कणांना मेघातील बाष्प बर्फच समजेल. स्फटिकशास्त्राचे तक्ते चाळून त्यांनी सिल्व्हर आयोडाइड निवडले होते. पहिला नमुना निष्फळ ठरला. परंतु तो अशुद्ध असल्याचे ध्यानात आल्यावर शुद्ध नमुन्याने उणे ४-५ अंशांपासूनच स्फटिक जमू लागले. कोरडा बर्फ मेघात नेऊन टाकण्यासाठी विमान हवे. सिल्व्हर आयोडाइड मात्र ॲसिटोनसारख्या द्रावकात मिसळून डोंगराच्या पायथ्याशी भट्टीत जाळले, तर त्याचा अदृश्य धूर वाऱ्याबरोबर उतार चढून मेघात आपोआप शिरतो, आणि काही ग्रॅम द्रव्यातून अब्जावधी कण निघतात.

येथवरची कथा निर्मळ आनंदाची आहे. पुढे मात्र तीत उतावीळपणा शिरला, आणि तो शिरला लँगम्यूर यांच्यासारख्या थोर बुद्धीच्या माणसाकडून, ही गोष्ट लिहिताना मनाला क्लेश होतात. १९४६ च्या २० डिसेंबरला शेफर यांनी पुन्हा मेघबीजन केले, म्हणजे मेघात स्फटिक जमवणारे द्रव्य सोडले, आणि त्या दिवशी स्केनेक्टडीच्या टापूत जोराचे हिमवादळ झाले. लँगम्यूर यांच्या मते त्यात प्रयोगाचा हात होता. कंपनीच्या कायदेपंडितांना मात्र नुकसानभरपाईच्या दाव्यांची धास्ती पडली. १९४७ च्या फेब्रुवारीत लष्कर आणि नौदल यांनी ‘प्रोजेक्ट सिरस’ या नावाने हे काम आपल्या अंमलाखाली घेतले, आणि कंपनीकडे केवळ सल्लामसलत राहिली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबर रोजी अटलांटिकवरील एका चक्रीवादळात कोरडा बर्फ सोडण्यात आला. वादळ वळून जॉर्जियातील सॅव्हाना शहरावर आदळले आणि लोकांत गहजब झाला. वादळाचे वळण प्रयोगापूर्वीच सुरू झाले होते हे पुढे निष्पन्न झाले. १९४९ च्या अखेरीस न्यू मेक्सिकोत दर आठवड्याला ठरावीक दिवशी सिल्व्हर आयोडाइड जाळण्यात येऊ लागले, तेव्हा शेकडो मैल दूरच्या खोऱ्यांतही पर्जन्याला सात दिवसांची लय आली आहे असे लँगम्यूर प्रतिपादू लागले. सरकारी हवामान खात्याने जुनी दप्तरे काढून दाखवले की अशा लयी पूर्वीच्या वर्षांतही आढळतात. तरीही त्यांची श्रद्धा ढळली नाही. अस्तित्वात नसलेल्या गोष्टी शास्त्रज्ञांना कशा दिसू लागतात यावर याच लँगम्यूर यांनी १९५३ मध्ये एक मार्मिक व्याख्यान दिले होते. परिणाम डोळ्यांना दिसला म्हणजे तो आपल्याच कृतीचा, ही समजूत किती प्रबळ असते, याची साक्ष त्यांच्या स्वतःच्या उत्तरायुष्याने दिली.

शास्त्रज्ञांचा वाद चालू असताना व्यवहार थांबला नव्हता. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील माजी प्राध्यापक आयर्व्हिंग क्रिक आणि त्यांच्यासारखे इतर व्यावसायिक गावोगावच्या शेतकऱ्यांशी व जलसंस्थांशी करारनामे करीत होते, आणि १९५१ च्या सुमारास देशाच्या भूमीचा सुमारे दहावा हिस्सा अशा मक्त्यांखाली आला होता. सपाट मैदानावरील या व्यवहारातले बरेचसे कालांतराने ओसरले. डोंगरांवरचे मात्र टिकले. सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीने सॅन वाकीन नदीच्या वरच्या खोऱ्यात १९५०-५१ च्या हिवाळ्यापासून सुरू केलेला उपक्रम दशकानुदशके अखंड चालला. उन्हाळी मेघ तासाभरात उगवतो आणि मावळतो. तो कोठे उठेल याचा नेम नसतो. उलट पर्वतावरचा हिवाळी मेघ वाऱ्याच्या चढणीने घडलेला असतो. वारा वाहतो तोवर तो त्याच जागी पुन्हा पुन्हा घडत राहतो, आणि त्यात स्फटिक पुरेसे नसले तर त्यातील अतिशीत बिंदू माथा ओलांडून पलीकडच्या उतारावर तसेच विरून जातात. तेवढे बिंदू माथ्याअलीकडे उतरवणे, एवढीच येथे माणसाची मागणी असते. त्यासाठी स्फटिक वाढून खाली पडण्यास अर्धा-पाऊण तास लागतो हे धरून, वाऱ्याचा वेग पाहून, भट्टी नेमकी कोणत्या खिंडीच्या तोंडी ठेवावी याचा हिशेब करावा लागतो. हे काम डोंगराची जाण असलेल्या माणसाचे आहे, आणि शेफर यांच्यासारख्या माणसाने त्याचा आरंभ करावा हे मला योग्य वाटते.

राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार समितीने १९५७ च्या अखेरीस जो अहवाल दिला, त्यात पश्चिमेकडील पर्वतांवर हिवाळी वादळांतील पर्जन्य बीजनामुळे सरासरीने १० ते १५ टक्के वाढत असल्याचे म्हटले होते. तोवर कोर्टकज्जेही सुरू झाले होते. १९५५ च्या नाताळात कॅलिफोर्नियातील फेदर नदीला महापूर येऊन युबा सिटीचा बांध फुटला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. त्या नदीच्या वरच्या अंगाला, अल्मनॉर सरोवराच्या खोऱ्यात, वीज कंपनीसाठी मेघबीजन चालत असे, म्हणून पूरग्रस्तांनी फिर्याद केली. १९६४ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की पुराचे कारण बीजन हे शाबित झालेले नाही. ज्या अनिश्चिततेमुळे बीजन करणाऱ्यांचे यश सिद्ध होत नव्हते, तिच्यामुळेच त्यांचा अपराधही सिद्ध झाला नाही.

खरी अडचण येथेच होती. भट्टी पेटवली आणि हिम पडले. पण ती पेटवली नसती तर किती पडले असते? पर्वतावरील हिमवृष्टी एका वादळात दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट असते, आणि त्या चढउतारात दहा टक्क्यांची वाढ सहज लपून जाते. यावर संख्याशास्त्राने सुचवलेला मार्ग म्हणजे निर्णय माणसाच्या हाती न ठेवणे: आधीच यदृच्छेने तयार केलेल्या यादीत ज्या दिवसापुढे ‘होय’ असेल त्या दिवशीच बीजन करावे, एरवी मेघ कितीही अनुकूल दिसला तरी हात आवरावा, आणि शेवटी दोन्ही दिवसांची तुलना करावी. कोलोरॅडोतील क्लायमॅक्स या खाणीच्या गावाजवळ, समुद्रसपाटीपासून ११,००० फुटांहून अधिक उंचीवर, लुईस ग्रँट यांनी १९६० पासून दहा वर्षे याच शिस्तीने प्रयोग चालवला. फार थंड नसलेल्या मेघांतून हिम लक्षणीय वाढते, अतिथंड मेघांतून वाढत नाही, असा त्याचा निष्कर्ष निघाला, आणि तो सिद्धान्ताशी इतका सुसंगत होता की सरकारच्या पाटबंधारे खात्याने १९७० ते १९७५ या काळात सॅन वान पर्वतात मोठ्या प्रमाणावर त्याची पुनरावृत्ती आरंभली. तेथे निःसंदिग्ध उत्तर आले नाही. पुढे आर्ट रँग्नो आणि पीटर हॉब्स या दोघांनी क्लायमॅक्सचीच मूळ टिपणे नव्याने तपासली, आणि आधीची वाढ पुष्कळ अंशी योगायोगाची, तसेच तुलनेसाठी निवडलेल्या केंद्रांमुळे भासलेली होती असे दाखवले. दुसऱ्याच्या आयुष्यभराच्या कामाची अशी उलटतपासणी करणे कठोर वाटते. पण लँगम्यूर यांच्या काळी ती झाली असती तर हे शास्त्र बदनाम झाले नसते.

हाच प्रश्न आपल्या सह्याद्रीच्या छायेतही विचारला गेला आहे. १९५१ मध्ये टाटांच्या एका कंपनीने पश्चिम घाटात जमिनीवरील भट्ट्यांतून सिल्व्हर आयोडाइड सोडून पाहिले होते. परंतु आपल्याकडील पावसाळी मेघांचे माथे बहुधा शून्य अंशाच्या पातळीखालीच असतात, तेथे अतिशीत पाणी नाही आणि म्हणून हिमस्फटिकांना कामही नाही. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ पासून अकरा पावसाळे बारामतीच्या टापूत विमानातून मिठाची पूड सोडून प्रयोग केले ते यासाठी. द्रव्य वेगळे, मेघ वेगळे, परंतु यदृच्छेने ठरवलेले दिवस आणि तुलनेचा तोच खटाटोप.

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सारी कागदपत्रे पाहून स्पष्ट लिहिले की हेतुपुरस्सर केलेल्या पर्जन्यवृद्धीचा खात्रीलायक शास्त्रीय पुरावा अद्याप नाही. त्यानंतर वायोमिंग राज्याने मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या पर्वतांत सुमारे दहा वर्षांचा प्रयोग केला. बीजनास योग्य अशा वादळांत ५ ते १५ टक्के वाढ संभवते असे त्याचे फलित सांगितले गेले, आणि तेही संख्याशास्त्राच्या कडक कसोटीला पुरेसे उतरले नाही.

जी गोष्ट आकड्यांनी दिली नाही ती अखेर रडारने दिली. २०१७ च्या जानेवारी ते मार्च या महिन्यांत आयडाहोतील पेएट नदीच्या खोऱ्यात वायोमिंग, कोलोरॅडो आणि इलिनॉय या विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी तेथील वीज कंपनीच्या साह्याने निरीक्षणे केली. पर्वतमाथ्यांवर ट्रकवर बसवलेली रडारयंत्रे नेली होती, आणि एक विमान मेघरडार घेऊन फिरत होते. १९ जानेवारीला बीजन करणारे दुसरे विमान वाऱ्याला आडवे, येरझारा घालीत गेले. त्या मेघात अतिशीत पाणी भरपूर होते, पण नैसर्गिक हिम जवळजवळ नव्हते. आणि काही वेळाने रडारच्या पडद्यावर विमानाच्या वाटेचीच नागमोडी आकृती उमटली, वाऱ्याबरोबर सरकली, रुंदावली आणि जमिनीकडे उतरली. निसर्ग असल्या रेषा काढीत नाही. भट्टी पेटवली नसती तर काय झाले असते, या सात दशकांच्या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर मिळाले: त्या जागी काहीच पडले नसते. वीस मिनिटांच्या बीजनातून ६७ मिनिटे हिम पडले, पाण्याच्या हिशेबाने जेमतेम मिलिमीटरचा दहावा भाग. पण पसरलेल्या क्षेत्रावर ते सुमारे १,२३,००० घनमीटर भरले. त्याच महिन्यात २० आणि ३१ तारखेला मिळालेले पाणी अनुक्रमे सुमारे २,४१,००० आणि ३,३९,००० घनमीटर होते.

हे आकडे ज्यांना तुटपुंजे वाटतील त्यांनी कोलोरॅडो नदीचा व्यवहार पाहावा. तिच्या खालच्या अंगाची नेवाडा, ॲरिझोना आणि कॅलिफोर्निया येथील पाणीखाती वरच्या अंगाच्या कोलोरॅडो, युटा व वायोमिंग या राज्यांतील बीजनासाठी स्वतःच्या तिजोरीतून रकमा देत आली आहेत, कारण परक्या राज्यातल्या शिखरावर अधिक पडलेले हिम आपल्याच धरणात उतरणार हे त्यांना ठाऊक आहे. मात्र अवर्षणाच्या वर्षी बीजन कामास येत नाही. त्या वर्षी मुळात वादळेच कमी येतात, आणि जेथे मेघ नाही तेथे स्फटिक पुरवून हिम निघत नाही. म्हणून ज्यांना हा उपाय करावयाचा त्यांनी तो भरल्या वर्षी करावा, वाढीव पाणी धरणांत साठवावे आणि कोरड्या वर्षी काढावे, असेच हे काम जाणणारे सांगतात. एका संपूर्ण हिवाळ्यात, निसर्गाचे हिमही जोरात पडत असताना, बीजनाची भर नेमकी किती, हे मोजण्याचे काम त्या रडारयंत्रांच्या आणि संगणकांच्या साह्याने अजून चालू आहे.